चिंधीतली मटकी

माझ्या मुलीचा अभ्यास मी मीठ-कांदा लावून खाल्ला, आणि त्यामुळेच चिंधीच्या बाईंची नि माझी ओळख झाली.

त्या दिवशी गिरणीच्या कचेरीतून घरी आलो, तर ही कुसुमला घेऊन मंडईत गेलेली. खुंटीला एक ओली चिंधी लटकत होती आणि आत मूठभर मोड आलेली मटकी. नवऱ्याच्या भुकेची बायकोला केवढी काळजी, म्हणून मला भरूनसुद्धा आलं! चिंधी झटकून परत खुंटीला लावतो न लावतो तोच दोघी आल्या. कुसुमनं चिंधी चाचपली आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं, "बाबांनी माझी ठकी खाल्ली!"

ठकी हे त्या मटकीचं नाव होतं. बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, वर्गात बाईंनी प्रत्येक मुलीला मूठभर मटकी आणि एक चिंधी दिली होती. मटकी भिजवायची, बांधायची, मोड आले की मातीनं भरलेल्या करवंटीत पेरायची. करवंटीवर चुन्यानं नाक-डोळे काढलेले. रोपं वर आली की ते तिचे केस. चिंध्या बाई विणकरांच्या घरोघरी जाऊन मागून आणत. त्यावरूनच त्यांचं नाव पडलेलं.

दुसऱ्या दिवशी मी गुन्हा कबूल करायला शाळेत गेलो. बाई पायाला भिंगरी लावल्यासारख्या वर्गात फिरत होत्या. वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर करवंट्या बसलेल्या. "बाई, बसा ना," मी म्हणालो.

"बसलं की मन मागं जातं," त्या चालता चालता म्हणाल्या. "तुमी बोला."

मी बोललो.

"खाल्ली? कच्चीच?"

"कांदा होता."

बाई हसल्या आणि मग थांबल्या. त्यांना थांबलेलं पाहून पोरींचीही कुजबूज थांबली. पुढच्या सोमवारी शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला यायचे होते. पोरी अक्षरं गिरवायची सोडून चिखल कालवतात, असं हेडमास्तरांचं गाऱ्हाणं होतं. दिपोटींनी मान डोलावली की बाईंची नोकरी संपली. घरी म्हातारी सासू, आणि मिळवणाऱ्या या एकट्याच.

"सगळ्या करवंट्यांत एक टकली निघाली, की हेडमास्तर नेमकी तीच दाखवणार की," त्या म्हणाल्या आणि डब्यातून आणखी मूठभर मटकी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "घाई नका करू. बी आपल्या चालीनं येतं."

घाई करू नका, असं सांगितल्यावर जो घाई करत नाही तो मी नव्हेच. ऊब मिळावी म्हणून मी ती चिंधी चुलीच्या वैलाजवळ ठेवली. "उगवायला ठेवलीत की भाजायला?" असं हिनं विचारलं, तेही मला उशिरा कळलं. करवंटीत पेरल्यावर उठसूट माती बाजूला करून बघत होतो. जेवताना उठत होतो. कचेरीत आकड्यांच्या जागी मला मोड दिसत होते. शनिवारी कुसुम ती बोडकी करवंटी घेऊन शाळेत निघाली, तेव्हा मीही मागोमाग गेलो.

बाईंनी मातीवर बोट ठेवलं. "उकरून बघितलं?"

"एकदाच."

"सातदा," कुसुम म्हणाली.

मी म्हणालो, "बाई, ही मागं लपवून टाका. नाहीतर मी मंडईतून मेथीची चार रोपं आणतो. खोचू, कोण बघतंय!"

"पोरी बघतात की," बाई म्हणाल्या, आणि ठकीची करवंटी त्यांनी खिडकीत सगळ्यांच्या पुढं ठेवली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा होतो. हेडमास्तरांनी छडी नेमकी ठकीवरच टेकवली. दिपोटी वाकले. "हिला टक्कल कसं पडलं, बाळ?"

बाई तेवढ्यातही खोलीभर फिरत होत्या. फक्त पदर मुठीत घट्ट धरलेला.

कुसुमनं हाताची घडी घातली. "बीला पाणी लागतं, हवा लागते, ऊब लागते. पण बाबांनी चुलीशी ठेवलं. लई ऊन झालं, मग ते आत मेलं. उकरलं की जिवंत असलं तरी मूळ तुटतं. आणि त्याच्या आधीचं बाबांनी खाल्लं. ते चांगलं होतं."

दिपोटी चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग हेडमास्तरांना म्हणाले, "मास्तर, हे पाठांतर नव्हे."

नोकरी वाचली. इतकी वाचली, की महिन्याभरातच दिपोटींनी बाईंना मोडनिंबला असाच वर्ग काढायला पाठवलं. कुसुम त्या दिवशी जेवली नाही. माझ्या पराक्रमानं बाई टिकल्या, आणि आमच्या हातून गेल्याही.

आम्ही स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता, पण बाई फलाटावर येरझाऱ्याच घालत होत्या. चालता चालताच त्यांनी कुसुमच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्या हातात मूठभर मटकी बांधलेली एक चिंधी दिली. "ही तुमच्या वाट्याची. खायची न्हाय."

घरी येऊन ती मटकी मी भिजवली, मोड आल्यावर पेरली. चुलीपासून लांब ठेवली. तिसऱ्या दिवशी कोणी नाही असं बघून काडीनं माती जराशी बाजूला करत होतो, तोच मागून ही म्हणाली,

"बाई गेल्या खऱ्या, पण बिगारीतलं एक पोर माझ्याकडंच ठेवून गेल्या."