तांबी बसवली तेव्हा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, ऱ्हस्वदीर्घ कुठं चुकेल सांगता येत नाही, ते समजून घ्यावं. तोंडानं मला कधी बोलता आलं नाही म्हणून लिहिते. ज्या बाईला गोळी चालत नाही आणि घरात विचारायला कुणी नाही, तिच्यासाठी हे आहे.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. मग म्हणाल्या, "हायपरटेन्शन आहे. गोळ्या आजपासून बंद." हायपरटेन्शन म्हणजे रक्ताचा दाब वाढणं. तिसऱ्या मुलीच्या वेळी मला झटके आले होते. त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात बाई बाळंत होता होता मरते. मी मेले नाही. पुढं पाळणा लांबवायला म्हणून गोळ्या दिल्या, तर त्यांनी दाब परत चढला, डोकं ठणकायला लागलं.

"पुन्हा दिवस गेले तर तुम्हाला वाचवीन असं मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

हे मी घरी येऊन सांगितलं. आमचं घर शिवाजी पेठेत. मालक, म्हणजे माझा नवरा, लेथ मशीनवर कामाला, संध्याकाळी तालमीत. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डाक्टर मरणाचं भ्या घालत्यातच. तीन पोरी झाल्या, आता पोरगा नको व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी चार वाटा सांगितल्या होत्या. पहिली निरोध. मालक म्हणाले, तसलं काय मी वापरणार न्हाय. दुसरी पुरुषाचं ऑपरेशन. त्यावर ते हसले. "तालमीत तोंड काय दाखवू? ताकद जाती. जोडीदार चेष्टेनं खांद्यावर घेऊन नाचवतील मला." ताकद जात नाही असं बाईंनी सांगितलं होतं, मी ते तोंडातच गिळलं. तिसरी बाईचं टाक्याचं ऑपरेशन. त्याला नवऱ्याची सही मागत होते. सही मिळणार नव्हती.

चौथी कॉपर-टी. आम्ही बायका तिला तांबी म्हणतो. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची काडी, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. ती गर्भाच्या पिशवीत बसवतात. तिच्यात औषध नाही, म्हणून दाब वाढत नाही. सही लागत नाही. पोरीच्या डोसाचं निमित्त करून गेले आणि बसवून आले. बसवताना कळ आली. कॉटवर जरा पडले आणि चालत घरी आले. हे अंगात आहे आणि घरात कुणाला ठाऊक नाही, असं मला वाटलं.

बाईंनी सांगितलं होतं, पाळी जास्त दिवस जाईल. ते घरात काय करील याचा विचार मी केला नाही. आमच्यात पाळी आली की बाजूला बसायचं. मागच्या दाराला पोत्यावर, ताट वेगळं, तांब्या वेगळा. चार दिवस, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी. मी पाचव्या दिवशी उठले नाही. सातव्या दिवशी उठले नाही. नळावर बायका आत्यांना विचारायला लागल्या, सून आजारी हाय का. आठव्या दिवशी आत्या पोत्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काय बसवून घेतलंस?"

मी पदर ओढून तोंड भिंतीकडं केलं. तेवढ्यानंच त्यांना कळलं. रात्री मालकांनी ताट सरकवलं. "उद्या जाऊन काढून ये. आई संगं येईल."

दवाखान्यात बाकावर आत्या माझ्या शेजारी बसल्या, मधे पिशवी ठेवून. आत गेल्यावर त्यांनीच सांगितलं, "काढा ते."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मला म्हणाल्या, "तुम्हाला काढायची आहे?"

लग्नात देखील मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नको."

बाईंनी तपासणी केली, अंगात रक्त फार कमी नव्हतं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. अंगावरून जाणं तीन-चार महिन्यांत कमी होईल, फारच गेलं किंवा ताप आला तर लगेच या, म्हणाल्या. रस्त्यात आत्या पुढं पुढं चालल्या. उंबऱ्यात चप्पल काढताना म्हणाल्या, "बस मग भाईर. जेवढं दिस जाईल तेवढं दिस बस. माझ्या चुलीला शिवायचं न्हाय."

बायांनो, चौथ्या महिन्यापासून खरंच कमी झालं. तांबी राहिली, दाब उतरला, मला परत दिवस गेले नाहीत. कुणी तुम्हाला सांगेल तांबी काळजापर्यंत चढते. चढत नाही, मी विचारलं आहे. घरात कुणी प्रेमानं समजून घेईल असं मात्र मी लिहिणार नाही. माझ्या घरात कुणी घेतलं नाही, आणि ते मी विसरलेली नाही.

पण दुसऱ्या महिन्यातलं सांगायचं राहिलं. मी बसले. सासरे, मालक, दीर, तीन पोरी, सगळ्यांच्या भाकरी आत्यांवर आल्या. चौथ्या दिवसापर्यंत भांडी आपटत होत्या. पाचव्या दिवशी खांदा धरून थापत होत्या. सहाव्या दिवशी सकाळी दारात आल्या.

"झालं की चार दिस. डोक्यावरनं पाणी घे अन् आत ये."

"अजून हाय, आत्या."

"मी इचारलंय व्हय तुला?"

मी मान खालीच ठेवली होती. आवाज माझाच होता, पण मलाच नवा वाटला. "न्हाय आत्या. तुमीच सांगितलंय, जेवढं दिस जाईल तेवढं दिस. चुलीला कशी शिवू?"

त्या आत गेल्या आणि पीठ मळायची काटवट ओढल्याचा आवाज आला. पोळलेल्या बोटांनी लांबूनच त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकली. या घरात आल्यापासून मी सगळ्यांच्या मागून गार भाकरी खाल्ली होती. ही तव्यावरची होती, वाफ निघत होती. मी ती सावकाश खाल्ली, आणि आणखी एक मागितली.