नुसत्या तोंडावरून कुणी ओळखतं का?

लाँड्रीवाल्या काकूंना गल्लीत सगळे पाठीमागे 'राणीसरकार' म्हणत. दुकानात गिऱ्हाइकाशी गोड बोलायच्या, मुलाबाळांची चौकशी करायच्या, आणि तोच माणूस बाजारात समोर आला की सरळ पुढे निघून जायच्या. "काय हा शिष्टपणा!" हे कानावर आलं की काकू खट्टू व्हायच्या, पण आपलं चुकतं काय ते त्यांना कळायचं नाही. एकदा काकांनी मिशी काढली आणि न बोलता घरात शिरले, तेव्हा तर काकूंनी झाडू उगारून त्यांना जिन्यापर्यंत पिटाळलं होतं.

दुकानासमोर मेंदूवर संशोधन करणारी संस्था होती. तिथले पांढरे कोट काकूंकडेच इस्त्रीला येत. एक दिवस कोट न्यायला आलेली तरुण डॉक्टर म्हणाली, "काकू, आम्ही विसरण्याच्या आजाराचा अभ्यास करतोय. रुग्णांशी ताडून बघायला पन्नाशीपुढची ठणठणीत डोक्याची माणसं हवीत. याल?"

"डोकं ठणठणीत आहे असं आमच्या ह्यांना लिहून देणार असाल तर येते."

आकडे, शब्द, नकाशे, सगळ्यांत काकू पटापट पुढे गेल्या. चेहऱ्यांशी मात्र गाडी अडली. आत्ताच पाहिलेला चेहरा पुन्हा समोर आला तरी त्यांना नवाच वाटे. शेवटी डॉक्टरने एक फोटो दाखवला. "ही कोण?"

"कुणास ठाऊक. दिसते चांगली."

"काकू, ही मी! फक्त केस मोकळे सोडलेत."

"मग आधी बोलायचं ना! आवाज ऐकला की लगेच ओळखते. नुसत्या तोंडावरून कुणी ओळखतं का?"

"सगळेच ओळखतात, काकू."

पुढे मेंदूचं स्कॅनिंग झालं आणि डॉक्टरने समजावलं, "नजर उत्तम, स्मरणशक्ती उत्तम. चेहरे ओळखायचं काम तेवढं तुमचा मेंदू नीट करत नाही, आणि तेही जन्मापासून. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. तुमच्याकडे आणखी कुणी?"

काकूंना दादा आठवला. बाजारात बहीण तोंड फिरवून गेली, तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं होतं. काकूंनी त्याच दिवशी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. वहिनी हसत म्हणाली, "अहो, तेव्हा ह्यांनी तरी तुम्हाला कुठे ओळखलं होतं? मीच दाखवलं. पाठवते त्यांना."

ठरलेल्या दिवशी संस्थेच्या बाकावर एक दाढीवाले गृहस्थ बसले होते. काकू शेजारी जाऊन बसल्या. दोघंही दाराकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली. "काय, भेटलात का दोघं?"

"अजून आलीच नाही ती," गृहस्थ म्हणाले.

"दादा!" काकू ताडकन उठल्या.

"तू? कधीची बसलीयेस इथे?"

डॉक्टर भिंतीला टेकून हसत सुटली. दादाने डोळे पुसले. तेही हसण्यानेच, असं त्याचं म्हणणं.

चाचणीत दादाचे गुण काकूंहून कमी आले. शाळेत कायम त्याच्या मागे राहिलेल्या काकूंनी घरी पोहोचेपर्यंत त्याला तेच ऐकवलं.