मुमताजबीची चौकशी

मुमताजबी मणियार कुणावरही विश्वास ठेवत नसे. दूधवाला दुधात पाणी घालतो हे साऱ्या गंज पेठेला ठाऊक होतं, पण हिचं म्हणणं, तो मुद्दाम माझ्याच पातेल्यात जास्त घालतो. डॉक्टरने गोळी दिली की शेजारणीला विचारून यायची, तुला कोणत्या रंगाची दिली गं म्हणून. होणाऱ्या जावयावर तिने लग्नाआधी तीन महिने पाळत ठेवली होती. तो बिचारा अजून तिच्यासमोर चहा पिताना बिचकतो.

पण हसू नका. हा संशय काही उगाच जडला नव्हता. तरुणपणी, पासष्ट-सहासष्ट साली, ती बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या ओट्यावर एका बाईने तिला हाक मारली. बाईजवळ चौदा-पंधरा वर्षांची पोर. "भाची आहे, लग्न ठरलंय, भरा हातभर." मुमताजने पोरीचा हात धरला तर तो थंडगार, आणि सारखा थरथरत होता. पोरीने एकदाच वर पाहिलं. मुमताजने बांगड्या भरल्या, सुखी राहा म्हणाली आणि पुढच्या दाराला गेली. दोन वर्षांनी तीच पोर तिला बुधवार पेठेतल्या एका गल्लीत, खिडकीत तोंड रंगवून उभी दिसली. त्यानंतर भाची, पुतणी, मानलेली बहीण असले शब्द कानावर पडले की ती सावध व्हायची.

पुढे येरवड्याच्या बाजूला, तसल्या घरांतून सुटून आलेल्या मुलींसाठी एक आधारगृह निघालं. मुमताजबी तिथे मुलींना बांगड्या भरायला जाऊ लागली आणि अधीक्षिका श्यामलाबाईंनी तिला बरोबर हेरलं. मुलीला न्यायला कुणी नातेवाईक आला की त्याचं घर आधी बघावं लागे. फाईल घेऊन आलेल्या माणसापुढे बायका तोंड उघडत नाहीत, बांगडीवालीपुढे मात्र सासूपासून सवतीपर्यंत सगळं ओकतात. म्हणून संस्थेचे कारकून दिगंबरराव रीतसर जाऊन यायचे, आणि चार दिवसांनी त्याच घरी मुमताजबी टोपली घेऊन जायची.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये मैनाची मावशी उगवली.

मैना एकोणीस वर्षांची. आधारगृहात येऊन अकरा महिने झाले होते आणि तिच्याकडे आजवर काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. आता वाघोलीहून ही कुसुम आली. डोक्यावर पदर, हातात रेशनकार्ड, सरपंचाची चिठ्ठी. "नऊ वर्सांची व्हती तवा पाह्यली, त्यानंतर आज बघतीया," म्हणत तिने मैनाला कवटाळलं. मैनाही "माझीच मावशी आहे" म्हणाली. दिगंबररावांनी वाघोलीचं घर पाहून 'समाधानकारक' असं लिहून टाकलं. सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर मैना मावशीच्या ताब्यात जायची होती.

"फार रडली हो बाई," श्यामलाबाई म्हणाल्या.

"रडली खरी. पण मी खिडकीआडून बघत होते, पदर कोरडा होता."

"मुमताजबी, कुणी रडलं तरी तुम्हाला खटकतं, नाही रडलं तरी खटकतं. एकदा यादीच करून द्या, तुम्हाला काय चालतं त्याची."

मैना तर तिच्या अंगावरच आली. "तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही!" हे मुमताजबीला फार लागलं. तरी शुक्रवारी ती वाघोलीच्या बसमध्ये बसलीच.

घर खरोखरच चांगलं होतं, हीच तर पंचाईत! सारवलेलं अंगण, घडी घातलेल्या गोधड्या, भाचीसाठी नवी कोरी खाट. शेजारीण म्हणाली, बाई सहा महिन्यांपूर्वीच राहायला आलीय, पण गरीब गाय आहे. मुमताजबीने दाराची कडी बघितली, दोरीवरचे कपडे मोजले, चुलीपर्यंत डोकावून आली. हाताला काही लागेना, तशी ती आणखीच चिडली.

कुसुमने स्वतः बांगड्या भरून घेतल्या. मग म्हणाली, "सोमवारी माझी भाची येणार हाय. तिच्यासाठी बी हिरव्या काढा."

"माप काय पोरीचं?"

"उजव्याला सव्वादोन," कुसुम टोपलीत रंग निवडता निवडता म्हणाली. "डाव्याला अडीच लागतंय. त्यो अंगठा आत वळत न्हाई."

मुमताजबीचा हात टोपलीतच थांबला. मैनाचा डावा हात मोडला होता दोन वर्षांपूर्वी, बुधवारातल्या त्या घरात, दाराच्या फटीत घालून. अंगठ्याचं हाड वाकडं जुळलं, म्हणून त्या हातात बांगडी मोठी लागते. मुमताजबीला हे ठाऊक, कारण तिने तो हात कितीदा हातात घेतला होता. पण पोरीला नऊ वर्षांची असताना शेवटची पाहणाऱ्या या बाईला कसं ठाऊक?

जीभ दाताखाली दाबून तिने दोन्ही मापांच्या बांगड्या मोजून दिल्या आणि निघाली. परतीच्या बसमधून उतरली ती थेट श्यामलाबाईंकडे गेली आणि मापाची गोष्ट सांगितली.

सोमवारी कुसुम नटूनथटून कोर्टात आली आणि पोलिसांच्या हाती लागली. मैना जिथून सुटली होती त्या घराची ती मालकीण होती, तिथल्या मुली तिला आक्का म्हणत. आधारगृहात मुमताजबीचं कोण कौतुक झालं! दिगंबररावांनी तर चक्क हात जोडले. मुमताजबी मिरवतच मैनाकडे गेली. मैना बांधलेल्या बोचक्याजवळ बसली होती.

"वाचलीस गं पोरी!"

"मला माहीत होतं," मैना म्हणाली. "आक्काला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तरी मावशी म्हणाले."

"अगं, तिनेच ना तुझा हात..."

"हो, तिनेच. तुम्ही दर रविवारी असता का इथे? सगळ्यांना भेटायला कुणी ना कुणी येतं. मी जिन्यावर बसून बघते. अकरा महिन्यांत माझ्याकडे ती एकटी आली."

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मुमताजबीच्या मनात एवढी एक गोष्ट आली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

रविवारी ती रिकाम्या हातांनी आली आणि भेटायला आलेल्या लोकांच्या रांगेत उभी राहिली. श्यामलाबाईंनी चष्म्यावरून बघत वही पुढे ओढली.

"आज कुणाला भेटायचंय?"

"मैनाला."

"नातं?"

"मावशी लिहा. खोटी मावशी तुम्हाला पंधरा दिवस चालली, मग मी काय वाईट?"

एरवी श्यामलाबाईंनी चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी मुकाट्याने लिहिलं आणि मैनाला हाक मारली. मैना धावत खाली आली, मुमताजबीला बघून दारातच थबकली.

"तुम्ही? आज आणखी कुणाचा संशय आलाय?"

"कुणाचा नाही," मुमताजबी म्हणाली. "तुलाच भेटायला आलेय."