गायधनींचा ख्रिसमस कॅक्टस

इंदिरानगरातल्या गोविंदराव गायधनींना खात्री करून घेतल्याशिवाय घास गिळवत नसे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर विजेची बटणं तपासली. खट्‌ झालं की पास, अडकलं की नापास. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. दुधात पाणी आहे का, गॅस बंद आहे का, शेजाऱ्याच्या गाडीच्या चाकात हवा आहे का, हे कुणीतरी बघायला नको? आता शेजाऱ्यानं त्यांना कधी विचारलं होतं, असं मात्र नाही.

वरच्या मजल्यावर मुलगा आल्हाद, सून आणि नात आरोही राहायची. त्यांनी रात्री आतून कडी घातली, की गोविंदराव जिना चढून जात आणि बाहेरून दार ओढून बघत, नीट लागलीय ना. सुनेनं कुकर लावला की शिट्टीला हे हजर. आल्हादनं सोसायचं तेवढं सोसलं आणि एक दिवस नाशिक रोडला भाड्यानं घर घेतलं. "ऑफिसला जवळ पडतं," तो म्हणाला. ऑफिस होतं अंबडला, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. पण एवढं कळूनही गोविंदरावांनी काही तपासलं नाही. तेवढं एकच.

वरचा मजला रिकामा झाला आणि घर खायला उठलं. रोज सकाळी गोविंदराव वर जाऊन खिडक्या उघडत, संध्याकाळी लावत. नातीच्या खोलीत जरा जास्तच वेळ लागे. खाली आले की नाक शिंकरत आणि म्हणत, "धूळ फार साठते."

गणपतीत दोघं नवरा-बायको नाशिक रोडला मुलाकडे गेली, तेव्हा श्यामलाबाईंनी नेहमीचा विषय काढला. "परत या रे. एवढं घर आम्हा दोघांना काय करायचंय?" आल्हादच्या गॅलरीत ख्रिसमस कॅक्टस लावलेला होता, चपट्या पेरांचा, थंडीत गुलाबी फुलणारा. त्याची एक फांदी मोडून त्यानं वडिलांच्या हातात ठेवली. "बाबा, ही कुंडीत लावा आणि पुढे तिच्या वाटेला जाऊ नका. ती तुमच्याकडे जगली, तर आम्हीही येतो वर राहायला."

म्हटलं तर थट्टा होती. पण श्यामलाबाईंनी ती पदरात बांधून घेतली, आणि गोविंदराव तर परतीच्या रिक्षात फांदी तान्ह्या बाळासारखी धरून बसले.

घरी येताच मालाची तपासणी झाली. "कॅक्टस म्हणे, आणि काटा एक नाही. इथंच दोष आहे." तरी बिचाऱ्यांनी मन मोठं करून ती लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपटून पाहिली. मूळ नाही. पुन्हा खोचली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात फांदी सुरकुतली, एक पेर गळून पडलं. गोविंदरावांना वाटलं, तपासणीच कमी पडतेय. म्हणून ते संध्याकाळीही उपटू लागले.

श्यामलाबाईंनी एकदा त्यांना रंगेहाथ पकडलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "अहो, जरा दम खाऊ द्या की तिला! रोज मुळापासून ओढल्यावर कोण टिकेल तुमच्या घरात?"

गोविंदराव पलंगावर बसले. बोलणं फांदीबद्दल नव्हतं, एवढं त्यांनाही कळलं. त्यांनी कानाला खडा लावला.

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. हात नुसते शिवशिवायचे. मग ते हात मागे बांधून कुंडीसमोर उभे राहत, नाहीतर सरळ पांडवलेण्यापर्यंत चालून येत. पाणीसुद्धा श्यामलाबाईच घालत. दिवाळी गेली, गारठा पडला, आणि एका सकाळी टोकाला तांबूस, नखाएवढं नवं पेर दिसलं. गोविंदराव चक्क रडले. या वेळी धुळीचं नाव घेतलं नाही.

रविवारी आल्हाद आला. कुंडीपाशी वाकून त्यानं ते पेर बराच वेळ न्याहाळलं. मग वडिलांकडे पाहिलं. "बाबा, खरंच हात नाही लावलात?"

"विचार तुझ्या आईला."

आल्हादचा चेहराच उजळला. "मग मी घरमालकाला सांगतो. पुढच्या महिन्यात टेम्पो करून येतोच आम्ही. आरोही नाचेल आता."

श्यामलाबाई डोळे पुसत साखर आणायला आत वळल्या. गोविंदरावांचा ऊर भरून आला. मुलानं विश्वास टाकला होता. आता त्याला पक्की खात्री करून द्यायला नको?

"अरे, नुसतं पेर काय बघतोस," ते म्हणाले, "मूळ बघ!" आणि कुणाला काही सुचायच्या आत त्यांनी फांदी चिमटीत धरून उपटली. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं मातीसकट वर आली. निम्मी कुंडीतच तुटून राहिली. "बघ. पास!"

आल्हाद त्या मुळांकडे बघत राहिला.

"मग टेम्पो कधीचा सांगतोस?" गोविंदरावांनी विचारलं.

"कळवतो, बाबा." त्यानं गाडीची किल्ली उचलली. साखरेला थांबला नाही.

श्यामलाबाई वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. "येत होता हो तो," त्या म्हणाल्या.

गोविंदरावांच्या हातात फांदी तशीच होती. फाटकाचा आवाज झाला, गाडी सुरू झाली, वळणावरून गेलीही.

"मूळ तर धरलं होतं गं," ते म्हणाले.