न दिसणारे बुडबुडे

आमचा मामा माशांची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात हौद सांभाळतो. तेवीस वर्षं तो माशांचा श्वास बुडबुड्यांवरून ओळखत आला. पंपाची हवा नळीतून तळाशी जायची आणि बुडबुड्यांची माळ वर यायची. माळ जरा बारीक झाली, की मामा ताटावरून उठलाच. मामी म्हणते, लग्नात हा माणूस माझ्याकडेसुद्धा इतका टक लावून बघत नव्हता.

मग नवं यंत्र आलं. त्याचे बुडबुडे इतके सूक्ष्म, की दिसतच नाहीत. वर येऊन फुटण्याऐवजी पाण्यातच रेंगाळतात आणि प्राणवायू मुरवत राहतात. इंजिनियरनं एका बरणीत हौदाचं पाणी घेतलं आणि बॅटरीनं हिरव्या प्रकाशाचा झोत सोडला. पाण्यात एक रेघ उमटली. ही रेघ म्हणजेच बुडबुडे, असं सांगून तो निघून गेला, आणि जाताना बॅटरीही घेऊन गेला. मालकीणबाईंनी यंत्राच्या भरवशावर हौदात दुप्पट पिल्लं सोडली. जुना पंप अडगळीत गेला.

तेव्हापासून मामा त्या यंत्राला पाण्यात पाहायला लागला. पाणी कसं गप्प पडलंय, बाईंनाही म्हणायचा. मी त्याला चिडवायचो, की मामा, तुझा श्वास तरी कुठे दिसतो? तरी घेतोसच ना?

परवा दुपारी त्याला पिल्लं मंद वाटली. खरंच होती की मनाचे खेळ, देव जाणे. त्यानं यंत्राची हवेची चावी चांगली दोन आटे फिरवली. लगेच टपोरे बुडबुडे खळाळत वर आले. मामाचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला, वर डुलकीही काढली.

इकडे जास्तीची हवा यंत्राला बारीक बुडबुड्यांत फोडता येईना. मोठे बुडबुडे भराभर वर येऊन फुटत होते आणि पाण्यात काहीच मुरत नव्हतं. दीड तासानं मामा परतला, तर सगळा हौद तोंडं वर काढून आ वासत होता.

त्यानं चावी मागे फिरवली, अडगळीतून जुना पंप ओढत आणून लावला. निम्मी पिल्लं वाचली. उरलेली पांढरी पोटं वर करून तरंगत होती, आणि मामा ती जाळीनं काढत होता, तेवढ्यात बाई आल्या.

त्यांनी तरंगणारी पिल्लं पाहिली, चालू असलेला जुना पंप पाहिला. मग म्हणाल्या, "तुमचंच खरं होतं. उद्याच परत पाठवते हे यंत्र."

तेवीस वर्षांत त्यांनी मामाला असं कधी म्हटलं नव्हतं. चावी जागेवर होती. कुणी पाहिलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, की जुना पंप परत, माळ परत. मामानं जाळी खाली ठेवली.

"बाई, यंत्र बरोबर आहे. चावी मी फिरवली."

"का?"

"बुडबुडे बघायचे होते."

बाईंनी केंद्राच्या दाराची किल्ली मागितली नाही. मामानंच ती टेबलावर ठेवली आणि त्या बोलतील म्हणून दारात उभा राहिला. दोन दिवस झाले, कामावर ये किंवा येऊ नको, असा काहीच निरोप नाही. घरी मामा पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी उजेडात धरून बघतो. मीही आता त्याला चिडवत नाही.