दशरथला मटाटू डाचते

आमच्या कर्जतच्या स्टँडवर मी, दत्ता, आणि माझ्या मागं नंबर लावणारा दशरथ. दशरथइतका तापट रिक्षावाला दुसरा नाय. पण सध्या तो ज्याच्यावर जळतोय तो माणूस आफ्रिकेत हाय, नैरोबीतला एक कंडक्टर. दशरथला त्याचं नावसुद्धा माहीत नाय.

झालं असं, दशरथची पोरगी प्रिया जावयाच्या नोकरीपायी नैरोबीत राहते. तिच्या बाळंतपणाला दशरथची बायको, सुरेखावहिनी गेली. कल्याणच्या पुढं कधी एकटी न गेलेली बाई, आमाला वाटलं घराचा उंबरा ओलांडायची नाय. तर महिन्याभरात बाई एकटी मटाटूनं बाजारला जायला लागली. मटाटू म्हणजे तिकडची शेअर गाडी, रंगीबेरंगी, आत गाणी ठणाणा, आणि भरल्याशिवाय हलत नाय. आपल्यासारखीच की, असं मी म्हटलं, तर दशरथ माझ्या अंगावर आला.

रोज दुपारी फोन आणि रोज त्या कंडक्टरचं कौतुक. पिशवी उचलून घेतो, उतरायचं ठिकाण आलं की आठवण करतो, हात धरून चढवतो.

"तुला काय पाय नायत का गं?" दशरथ फोनवरच खेकसला.

त्याच आठवड्यात गड्यानं रिक्षात स्पीकर बसवला, मागं लाल झालर लावली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. खरी धास्ती वेगळीच होती. बाळ चालेपर्यंत आईनं राहावं म्हणून प्रिया मागं लागलेली, आणि वहिनी हो म्हणेना की नाय म्हणेना. दशरथला अन्न गोड लागत नव्हतं.

परवा फोन आला तेव्हा आमी दोघं सीटची, म्हणजे गिऱ्हाइकांची, वाट बघत उभे. वहिनी तिकडची गोष्ट सांगत होती, मलाही ऐकू येत होती. मटाटू भरलेली, दारात एक बाई आली, तशी वहिनी आपसूक पिशवी घेऊन खाली उतरली. सवय हो. आमच्या स्टँडची रीतच हाय, गिऱ्हाईक जास्त झालं की रिक्षात बसलेल्या आपल्याच बायकोला उतरवायचं, मागनं ये म्हणायचं. तिकडच्या कंडक्टरनं मात्र तिला परत बोलावून तिच्याच जागेवर बसवलं आणि त्या बाईला मागच्या गाडीत पाठवलं.

"त्याचं काय जातंय? गाडी मालकाची," दशरथ म्हणाला. मग यानं आवाज खाली आणून विचारलं, येणार कधी.

"येते या महिन्यात, प्रियाला तसं सांगितलंय," वहिनी म्हणाली. "पण स्टेशनावर तुमची रिक्षा नका आणू. मी दत्ताभावजींच्या रिक्षात पैसे देऊन बसेन. मग मला कोण उतरवतंय ते बघते."

दशरथनं फोन खिशात घातला आणि माझ्याकडं बघायला लागला. माझ्या रिक्षात मागं दोनच सीट बसले होते, तरी त्याची नजर चुकवत मी रिक्षा काढली.