फळ्यांपलीकडून आलेली ‘ओ’

भुताखेतांचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई मी. आमच्या गावात पिंपळावर कोण बसतं, विहिरीत कोण दिसतं... सगळं ऐकून झालं, मला एकदाही कुणी दिसलं नाही. आजही माझा विश्वास नाही. तरी एक गोष्ट पन्नास वर्षं पोटात आहे. नात म्हणाली, आजी, तू सांग, मी टाइप करते. म्हणून सांगते.

साल छपन्न असेल किंवा सत्तावन्न. मी एकोणीस वर्षांची, सासर कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि त्यातलं दीड वर्ष नवरा पिंपरीला. तिथे तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते, त्यातल्या एकात हे फिटर होते. राहायला चिंचवड स्टेशनजवळच्या एका लॉजिंग-बोर्डिंगात. मालकाच्या तीन शाखा होत्या – पुणे स्टेशनला एक, दापोडीला एक आणि ही तिसरी. तिन्हीकडे सारखीच हिरवी पाटी. मालकाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

दर पंधरा दिवसांनी यांचं पत्र यायचं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. शाळेचे मास्तर ओसरीवर बसून वाचून दाखवायचे आणि सगळी आळी ऐकायची. स्वतंत्र खोली, विजेचा दिवा, बसायला खुर्ची, सकाळी दारात चहा, आंघोळीला कढत पाणी... मी शेणी थापता थापता ऐकायची आणि मनात म्हणायची, मजा आहे बाई एका माणसाची. खरं सांगते, राग यायचा.

मग महिनाभर पत्रच नाही. सासूबाईंनी जेवण सोडलं. घरात दुसरा पुरुष नव्हता, शेवटी मीच निघाले. शेजारच्या आप्पांनी बायकांच्या डब्यात बसवून दिलं. पुण्याला गाडी बदलून चिंचवडला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. विचारत विचारत हिरव्या पाटीपाशी पोचले.

मॅनेजर चष्मेवाले गृहस्थ होते, आठच दिवसांपूर्वी दापोडीच्या शाखेतून आलेले. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, नाव काय? आता आली का पंचाईत! आमच्या वेळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं डोक्यात भरवलेलं. मी आडनाव सांगितलं – जाधव. ते म्हणाले, जाधव चार आहेत बाई. मी पदर तोंडाला लावून म्हणाले, पिंडीतल्या देवाचं नाव. त्या काळी एवढं पुरायचं.

त्यांनी बोट फिरवलं. "शंकर जाधव. हां. हे तर वीस दिवसांपूर्वी नाशिकला गेले, जागा सोडून. इथं लिहिलंय – पत्नीसह रवाना."

पत्नीसह.

मी त्यांच्यासमोर उभी, हातात भाकरीचं गाठोडं, आणि माझा नवरा पत्नीसह नाशिकला. पुन्हा विचारायची लाज वाटली. मॅनेजरच्याही ते लक्षात आलं असावं, कारण नजर खाली करून ते म्हणाले की एकट्या बाईला आम्ही ठेवत नाही, पण आता गाडी सकाळीच आहे, वर फॅमिली रूम रिकामी आहे, तिथं राहा.

वर जाताना त्यांनी कारखान्यातले सगळे गडी राहतात ती जागा दाखवली, हेही तिथलेच. स्वतंत्र खोली कसली, एक लांबलचक हॉल, बारा खाटा आणि एका खाटेला दोन गडी. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच अंथरुणात येऊन पडायचा. खुर्ची नव्हती. पाण्याच्या पिंपाला तळाशी शेवाळ. दीड वर्ष हा माणूस आम्हाला खोटं लिहीत होता आणि मी त्याच्यावर जळत होते. मघाशी आलेला संताप तसाच होता. पण असल्या जागी राहून दारात येणारा चहा कसा सुचला असेल त्यांना?

फॅमिली रूम म्हणजे पायऱ्यांच्या डोक्यावरचा कोपरा, एका बाजूला फळ्यांची भिंत. गादीत ढेकूण. जेवण आलं त्यात भात गार आणि आमटीत डाळ शोधावी लागत होती. हात लावला नाही. सासूबाईंना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दिवेलागण झाली. खालच्या दुकानातला कंदील लागलेला फटीतून दिसत होता. तेवढ्यात फळ्यांपलीकडे कुणीतरी खोकलं. दोनदा खोकून मग हळूच "रामा रे". ही यांची लकब. घरी मोरीवर तोंड धुतानासुद्धा असंच. मी उठून फळीला कान लावला. श्वास ऐकू येत होता, जड, अडखळणारा. मी म्हणाले, अहो. काही नाही. अहो, मी आलेय... पलीकडे फक्त श्वास, आणि तोही मध्येच थांबायला लागला.

‘अहो’ काय कुणालाही म्हणतात. जगातल्या कुठल्याही पुरुषाला. मला काय झालं सांगता येणार नाही – हा नाशिकला गेला असेल तर गेला असेल, पण आत्ता, इथे याला दुसरं कुणी नाही, एवढंच वाटलं. मी फळीला तोंड लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"महादेव."

"ओ," पलीकडून आली. स्पष्ट. झोपेतून उठवल्यावर माणूस देतो तशी.

मी धावत बाहेर आले. शेजारच्या दाराला कुलूप! मी इतका आरडाओरडा केला की मॅनेजर किल्ल्या घेऊन वर आले. दार उघडलं तर आत गव्हाची पोती आणि मोडक्या खाटा. दुसरं दार नाही, खिडकी नाही. मी म्हणत राहिले, इथं महादेव आहेत, माझे महादेव आहेत.

मॅनेजर म्हणाले, "महादेव? तुम्ही तर शंकराचं नाव म्हणालात."

"दोन्ही एकच की वो," मी रडत म्हणाले.

खाली येऊन त्यांनी पुन्हा रजिस्टर काढलं. महादेव जाधव, विषमज्वर, नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात भरती. तीन आठवडे झाले होते. आधीचा मॅनेजर नोकरी सोडून गेला, गावी कळवायचं राहून गेलं.

पहाटे मॅनेजर स्वतः टांग्यातून घेऊन गेले. हे खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते, निम्मे झालेले. मला बघून आधी ओशाळले. नर्सबाई म्हणाल्या, आठ दिवस शुद्ध नव्हती, काल संध्याकाळी तर आम्ही आशाच सोडली होती. आणि दिवे लावत होतो तेव्हा एकदम मोठ्यानं "ओ" म्हणाले आणि पाणी मागितलं.

यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. पुढे आम्ही दापोडीत बिऱ्हाड केलं, तीन मुलं झाली. मी सांगितलं की हे हसायचे. भुकेल्या पोटी भास झाला तुला, म्हणायचे. असेलही. पण नर्सबाईंना कसला भास झाला होता? चिडवायचेसुद्धा – घे की परत एकदा नाव. मी नाही घेतलं. भीती वाटायची, खरंच आयुष्य कमी झालं तर.

चार वर्षांपूर्वी हे गेले. घरातच, या खोलीत, दुपारी, मी शेजारी असताना. तेव्हाही मी नाव घेतलं. मोठ्यानं, चार-पाचदा, सुना बघत असताना. आता रोज दिवेलागणीला घेते. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत, नदी ओलांडून जी हाक पोचली ती कशी पोचली, मला माहीत नाही. आता याच खोलीत मी हाक मारते, आणि मग थोडा वेळ थांबते. नात टीव्हीचा आवाज कमी करते. काही ऐकू येत नाही.